चकली का विरघळते?

माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या वेळी प्रकाशकांनी फोनवर विचारले, "बाई, मलपृष्ठावर तुमच्या नावापुढे काय घालू?" मी म्हटले, "पूर्णविराम घाला." ते मनापासून हसले, आणि त्यांनी खरोखरीच काही घातले नाही.

मी मॅट्रिक झालेली बाई. दहावीला मॅट्रिक म्हणण्याची पद्धत आता गेली. पण आमच्या घरात ती टिकून आहे, आणि मलाही तोच शब्द आवडतो. त्यात काहीतरी पुरे केल्याचा भास आहे. पुढे वडिलांचे आजारपण, मग लग्न, मग संसार, ही आपल्याकडच्या घरोघरची गोष्ट. ती सांगत बसत नाही. एकोणीस वर्षे मी तालुक्याच्या गावी एका शाळेच्या बालवाडीत शिकवते आहे. दिवसा मुलांच्या नाकाकडे लक्ष देते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते.

हे सारे सुरळीत चालले होते. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडीच्या सेविकांविषयी एक कलम आले: बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. आमच्या संस्थेनेही हीच फूटपट्टी आपल्या बालवाडीला लावायचे ठरवले. मला त्यात गैर काही वाटत नाही. चार वर्षांचे मूल कुणाच्याही हाती द्यावे असे थोडेच आहे! तरी मनात आलेच, की मी वर्षभर बसून जे शिकायचे, त्यातले पुष्कळसे मी एकोणीस वर्षे शिकवते आहे. ते कुठे धरायचे?

नेमकी गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण अमेरिकेहून आली. ती तिकडे एका विद्यापीठात काम करते. काय काम करते हे आम्हांला कुणालाच नीटसे ठाऊक नव्हते. मावशी "विद्यापीठात आहे" एवढेच सांगून अभिमानाने गप्प बसत असे. चकल्या पाडता पाडता तिने ते सांगितले. वर्गाबाहेर माणूस जे शिकून आला, ते तपासायचे आणि पदवीच्या हिशेबात धरायचे, या खात्याची ती प्रमुख आहे. तिच्याकडे सैन्यातून परतलेले शिपाई येतात, पंधरा वर्षे हिशेबनीस असलेल्या बाया येतात, अर्धवट कॉलेज सोडलेले चाळिशीचे गृहस्थ येतात. तिकडे ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक घरी आले, त्यांनी फौजेत जे शिकून घेतले ते कॉलेजात कसे मोजायचे, या अडचणीतून तिची सुरुवात झाली. 1967 पासून तर परीक्षा देऊन एखाद्या विषयातून मोकळे होण्याचीही सोय आहे. फ्रान्स त्याही पुढे गेले. तिथे 2002 च्या कायद्याने, परीक्षकांची खात्री पटली तर, नुसत्या कामातल्या अनुभवाच्या जोरावर सबंध पदविकाच मिळू शकते.

"म्हणजे अनुभवाचे गुण देता," मी म्हटले.

"नाही ताई. तिथेच सगळे फसतात." तिने सोऱ्या खाली ठेवला. "अनुभवाचे काही देत नाही. अनुभवातून जे शिकलात त्याचे देतो. मावशीच्या चकलीचे मी काही देणार नाही. चकली तेलात का विरघळते हे मावशीने सांगितले, तर देईन."

मावशी चुलीपाशीच होती. ती मागे न वळता म्हणाली, "मोहन जास्त झाले की विरघळते. कमी झाले की कडक होते. यात काय सांगायचे?"

"मिळाले!" बहीण म्हणाली.

पण माझे समाधान झाले नाही. आमच्या आजीला मोहनाचे असे काही सांगता येत नव्हते. ती पीठ चिमटीत धरी, नाकाशी नेई, आणि "हं" म्हणे. तिची चकली जन्मात कधी विरघळली नाही. तिला काय देणार? बहीण म्हणाली, ज्यांना सांगता येत नाही त्यांना करून दाखवायला लावायचे, आणि जाणत्या माणसाने शेजारी बसून पाहायचे. आपल्याकडे 2015 पासून सरकारच्या कौशल्य योजनेत गवंड्यांची, कारागिरांची अशीच पारख करून त्यांना प्रमाणपत्रे दिली गेली, हेही तिनेच मला सांगितले. मला मात्र बहिणाबाई आठवत होत्या. ज्या बाईला अक्षर लिहिता येत नव्हते, तिचे नाव 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले. विद्यापीठाला नाव देण्याइतके जिला येत होते, तिला त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाचा अर्ज भरता आला नसता. ही गंमत मी बहिणीला सांगितली. तिला ती फारशी गंमत वाटली नाही. "माझे निम्मे आयुष्य याच भांडणात जाते," ती म्हणाली.

रात्री मी हिशेबाला बसले. आपल्या देशातही 2023 साली श्रेयांकांचा राष्ट्रीय आराखडा आला आहे. तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाला चाळीस, तीन वर्षांच्या पदवीला एकशेवीस. मिळालेले श्रेयांक जमा ठेवायला 2021 पासून एक बँकही आहे. आपल्या भिशीसारखे थोडे थोडे घालत जायचे. अनुभवातून आलेले ज्ञानही त्यात धरता यावे, असे त्या आराखड्यात मान्य केले आहे. मी मांडले: वर्षाचे दोनशे दिवस, रोजचे तीन तास, अशी एकोणीस वर्षे. अकरा हजार चारशे तास. भागिले तीस. तीनशे ऐंशी! म्हणजे तीन पदव्या, आणि वर वीस श्रेयांक शिल्लक.

सकाळी कागद बहिणीपुढे ठेवला. ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, "ताई, हे तास तू वर्गात होतीस त्याचे झाले. पहिल्या वर्षी शिकलीस तेच एकोणीस वेळा केले नाहीस, हे कशावरून?"

असे बोलणे सख्ख्या बहिणीलाच शोभते, आणि ती तर मावसबहीण. पण प्रश्न खरा होता. मी दोन दिवस आठवत राहिले. चौथ्या वर्षी मी मुलांना रांगेत बसवणे सोडले. सातव्या वर्षी एका धनगराच्या मुलाने मला शिकवले, की मेंढरे मोजणाऱ्याला मणी मोजायला शिकवू नये, त्याच्याकडून शिकून घ्यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला शिंपल्यांवर, बियांवर, पानांवर बालवाडी उभी केली, हे मी फार उशिरा वाचले. पण वाचल्यावर माझ्या खोलीतली प्लास्टिकची फळे कपाटात गेली. ही सारी वर्षे वेगवेगळी होती. ती मला दाखवता येत होती.

मधल्या काळात मला कुणीतरी छोट्या छोट्या प्रमाणपत्रांचेही सुचवले. हल्ली चार आठवड्यांत, सहा आठवड्यांत, घरबसल्या एकेका कौशल्याचे प्रमाणपत्र मिळते. अशी पाच-दहा जुळवून पुढे मोठे काही करता येते म्हणतात. बहिणीच्या खात्यात हेही येते. मी विचारले, ही चिल्लर मोडीत तर निघणार नाही ना? तिने उत्तर टाळले नाही. युरोपातल्या राष्ट्रांनी 2022 साली ठरवले, की अशा प्रमाणपत्रावर माणूस काय शिकला, किती कष्टाने शिकला आणि त्याला कुणी कसे तपासले, हे लिहिलेले असावे. "ज्याच्यावर शेवटचे लिहिलेले नसेल," ती म्हणाली, "ते भिंतीवर लाव, बँकेत नेऊ नकोस." माझ्या मते पैसे घेऊन वाटल्या जाणाऱ्या निम्म्या कागदांची किंमत या एका वाक्यात होते.

ती परत गेली, आणि जाताना मला गृहपाठ देऊन गेली. फाईल करायची. कामाचे नमुने, मुलांच्या नोंदींच्या वह्या, आणि एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर: एखादे मूल तीन महिने वर्गात एक शब्दही बोलले नाही, तर तू काय करतेस, आणि तेच का करतेस?

मला अशी एक मुलगी आठवत होती. ती नोव्हेंबरात बोलली. पहिला शब्द "पाणी". त्याआधी मी काय काय केले, कुठे थांबले, तिच्या आईला काय विचारले, तिच्या आजीने कोणती भाषा बोलते म्हणून सांगितले, हे सगळे मी लिहिले. अकरा पाने झाली. बहिणीला पाठवली. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "ताई, फार सुंदर आहे. पण यातली सात पाने कादंबरी आहे. चार पाठव."

ती चार पाने आणि नोंदींच्या तीन वह्या मी पदविकेच्या केंद्रावरच्या बाईंकडे देऊन आले आहे. त्यांनी वही तिथेच उभ्या उभ्या चाळली, एका पानावर थांबल्या, आणि मला बसायला खुर्ची दिली. एखाद्या-दुसऱ्या विषयातून सूट मिळते का, ते दिवाळीनंतर कळेल. उरलेली सात पाने माझ्या टेबलावर आहेत, आणि ती मुलगी त्यांत आठव्या पानाकडे निघाली आहे.