तिसरी तार

भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे लक्ष गेले, की त्याचे वरचे मोठे छिद्र आपल्याकडे रोखून पाहत आहे, असे मला अजूनही वाटते. खालच्या दोन लहान छिद्रांशी माझे काही वाकडे नाही. परंतु ते तिसरे छिद्र मला माझ्या एका चुकीची आठवण करून देते, आणि त्या चुकीनंतर उशिरा मिळालेल्या विद्येचीही. आज पासष्टाव्या वर्षी ती हकीकत सांगताना थोडा संकोच वाटतो. पण ती तुम्हां मुलांना सांगितलीच पाहिजे.

१९७४ साली मी नववीत होतो. शाळेची वार्षिक तपासणी होती. साहेब वर्गात आले आणि त्यांनी ओहमचा नियम विचारला. मी उभा राहिलो आणि तापमान आदी परिस्थिती कायम असताना वाहकातून जाणारा विद्युत्प्रवाह त्याच्या टोकांमधील विभवांतराशी समप्रमाणात असतो, हे वाक्य एका दमात म्हणून दाखवले. साहेबांनी पाठ थोपटली. आमच्या शिक्षकांचा चेहरा उजळला. विभवांतर म्हणजे काय, हे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर माझी फजितीच झाली असती. कारण तो शब्द माझ्या दृष्टीने एखाद्या दूरच्या गावाच्या नावासारखा होता. नाव पाठ होते, वाट ठाऊक नव्हती.

पुढे मराठी विषय घेऊन मी एम. ए. झालो, शिक्षक झालो आणि कालांतराने एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक झालो. कवितेचा अर्थ न समजता ती घडाघडा म्हणणाऱ्या मुलांवर मी रागावत असे. "पोपटपंची नको, अर्थ सांग," हे माझे ठरलेले वाक्य होते. आपणही एका विषयात पोपटच राहिलो आहोत, याची जाणीव मात्र मला २००६ सालापर्यंत झाली नाही.

आमच्या शाळेच्या आवारात एक हौद होता. हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवण्यासाठी विजेचा लहान पंप बसवला होता. त्या उन्हाळ्यात पंप दुरुस्त होऊन आला, तेव्हा त्याच्या वायरीला तीन पिनांचा प्लग होता आणि तेथल्या बोर्डाला छिद्रे मात्र दोनच होती. काय करावे, हे विचारायला शिपाई माझ्याकडे आला. मी कागदांवर सह्या करीत होतो. मान वर न करताच मी विचारले, "दोन पिनांवर पंप चालतो का?"

"चालतो, गुरुजी. तिसरीचं काही काम दिसत नाही."

"मग तिसरी काढून टाक," मी म्हणालो आणि पुढच्या कागदाकडे वळलो.

जुलै महिना उजाडला. एके दिवशी मधल्या सुट्टीत पाऊस नुकताच थांबला होता आणि आवारात पाणी साचले होते. सातवीतल्या एका मुलाचा चेंडू पंपामागे गेला. मुलगा अनवाणी होता. चेंडू काढण्यासाठी वाकताना त्याने मोटारीच्या लोखंडी कडेला धरले, आणि त्याचा हात तेथेच चिकटला. तोंडातून शब्द फुटेना, हात सुटेना. मी धावत गेलो. त्याचा दंड धरणार, एवढ्यात मागून शिपाई ओरडला, "गुरुजी, हात लावू नका!" आणि त्याने धावत जाऊन मुख्य बटण बंद केले. मुलगा चिखलात कोसळला.

तो वाचला. तळहातावर भाजल्याचा व्रण तेवढा राहिला. पण त्याला दवाखान्यात नेताना त्याचे डोके माझ्या मांडीवर होते, आणि त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात काय काय कबूल केले, ते माझे मलाच ठाऊक.

संध्याकाळी गावातला वायरमन आला. तो माझा जुना विद्यार्थी. दहावीत तो नापास झाला, तेव्हा "तुझ्या डोक्यात काही शिरायचे नाही," असे मी त्याला भर वर्गात म्हटले होते. त्याने मोटार उघडून पाहिली. आतल्या तारेवरचे आवरण एका जागी जळाले होते आणि ती उघडी तार मोटारीच्या लोखंडाला टेकली होती. मग त्याने प्लगमधली कापलेली हिरवी तार वर धरली. "गुरुजी, ही कोणी काढली?"

"मी," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मला फार लागले. दुसऱ्या दिवशी मुलाची आई शाळेत आली आणि "तुमी होता म्हणून माझं पोर वाचलं," असे म्हणून हात जोडू लागली. तिसरी तार काढायला मीच सांगितले होते, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितले. ती बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिली. मग एवढेच म्हणाली, "आता फुडं कुनाला काढू देऊ नगा."

त्याच आठवड्यात मी वायरमनच्या घरी गेलो आणि मला वीज शिकव, असे त्याला म्हणालो. तो गोंधळला. "मी? तुमाला शिकवू?" असे त्याने दोनदा विचारले. पण पुढच्या रविवारी तो शाळेत आला आणि मला घेऊन सरळ गच्चीवर चढला.

"गुरुजी, ही टाकी इतक्या वर का ठेवलीय?"

"म्हणजे खालच्या नळाला पाणी जोरात येते."

"झालं तर. ही उंची म्हणजे व्होल्ट. नळातून मिनिटाला जेवढं पाणी जातं, तेवढे अँपिअर. आणि नळ जितका अरुंद, तितका रोध जास्त."

मी टाकीकडे आणि खालच्या तोटीकडे पाहत राहिलो. टाकी आणखी वर चढवली तर पाणी जास्त येईल. नळ अरुंद केला तर कमी येईल. बत्तीस वर्षांपूर्वी साहेबांसमोर म्हटलेला नियम माझ्यासमोर सिमेंट आणि लोखंडाच्या रूपाने उभा होता. विभवांतर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून दोन ठिकाणांमधला उंचसखलपणा होता. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते आणि वीज निर्माण करते, ते याच उंचसखलपणाच्या बळावर. फरक इतकाच, की तेथे उतार पाण्याला असतो आणि तारेत तो विजेला असतो.

मग मला प्रश्न विचारण्याचा नादच लागला. तारेवर चिमणी बसते, तिला झटका का बसत नाही? तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. म्हणजे दोन्ही पायांना उंची एकच. तळ्यातले पाणी डोंगरावर असले तरी तळ्यातल्या तळ्यात ते वाहत नाही. वाहण्यासाठी उतार लागतो. आमच्या विद्यार्थ्याचा हात 'उंचावर' होता आणि अनवाणी पाय ओल्या जमिनीवर होते. तो स्वतःच उतार झाला होता. त्याचा दंड धरून मी त्या उतारात आणखी एक वाट जोडणार होतो.

दुसऱ्या एका रविवारी त्याने मला कोड्यात टाकले. "साठ वॅटचा दिवा आणि हजार वॅटची इस्त्री, यांत रोध कशाचा जास्त?" मी क्षणाचाही विचार न करता इस्त्रीचे नाव घेतले, ती केवढी तापते! तो हसला. दोघांनाही उंची एकच मिळते, २३० व्होल्ट. दिव्यातून पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, इस्त्रीतून चाराहून थोडा अधिक. उंची तीच असून पाणी जास्त येते, याचा अर्थ नळ रुंद आहे. म्हणून दिव्याचा रोध आठशे ओहमच्या वर आणि इस्त्रीचा केवळ पन्नासच्या आसपास. पाठ केलेला नियम मला या प्रश्नातून वाचवू शकला नव्हता. नळाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले असते, तर मी चुकलो नसतो.

शेवटी मी मला सलणारा प्रश्न विचारला. मुलाला झटका बसला तेव्हा फ्यूज का उडाला नाही? तो म्हणाला, "फ्यूज तारेला जपतो, गुरुजी. माणसाला जपत नाही." पंपाचा फ्यूज वितळायला कित्येक अँपिअर लागतात, माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. हे अंतर भरून काढणे, हेच त्या तिसऱ्या तारेचे काम. ती मोटारीचे लोखंडी अंग जमिनीशी जोडून ठेवते. एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही, म्हणून ती निरुपयोगी दिसते. पण आतली उघडी तार लोखंडाला टेकली, की त्या रुंद वाटेने प्रवाहाचा लोंढा जमिनीत जातो, फ्यूज वितळतो आणि पुरवठा तुटतो. धरणाचा सांडवाही वर्षातले बरेच महिने कोरडाच असतो. म्हणून तो कोणी बुजवून टाकीत नाही. मी बुजवला होता.

पाण्याची ही उपमा सगळीकडे चालत नाही, हेही मला त्यानेच शिकवले. नळ कापला तर पाणी सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. शिवाय घरातली वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने जात नाही. सेकंदाला पन्नास वेळा ती पुढे जाऊन मागे येते. "मग ती पोचते तरी कशी?" असे मी विचारले, तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात ताक घुसळत होती. त्याने तिच्याकडे बोट दाखवले. दोरी पुढे जाते, मागे येते. कुठेच पोचत नाही. रवी मात्र फिरते आणि लोणी वर येते.

यानंतर मी पुस्तकांकडे वळलो आणि मला एक नवल कळले. ज्याचा नियम मी पोपटासारखा म्हटला, तो गेओर्ग ओहम जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणारा शिक्षक होता. फ्रेंच गणिती फूरिए याने पदार्थांतून उष्णता कशी वाहते, याचा विचार मांडला होता. वीजही तशीच वाहत असावी, या कल्पनेचा आधार घेऊन ओहमने १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे तो नियमही मुळात एका उपमेच्या बोटाला धरूनच चालला होता! मायकेल फॅरडे हा तर पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला मुलगा. त्याला उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवतीच्या अदृश्य बलरेषा तो मनश्चक्षूंनी पाहत असे. चुंबकाच्या साह्याने वीज कशी निर्माण होते, हे त्याने १८३१ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि त्याच्या बलरेषांना पुढे मॅक्सवेलने गणिताचे रूप दिले. आधी पाहणे, मग मांडणे, असा तो क्रम होता. आम्ही तो उलटा केला, आणि पुष्कळदा मांडण्यापाशीच थांबलो.

याचा अर्थ पाठांतर व्यर्थ आहे, असा कृपा करून घेऊ नका. सूत्र हवेच, चित्र वाट दाखवते, अंतर मोजून देते ते सूत्र. पण आधी त्यातला प्रत्येक शब्द डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. तो राहत नसेल, तर बेधडक विचारावे. सर्वांना आधीच कळले आहे, या समजुतीने गप्प बसू नये. ज्याला येते त्याला विचारावे. मग तो दहावी नापास असो की आपला विद्यार्थी असो. आणि एक ताकीद: हे प्रयोग बॅटरीच्या दोन सेलांवर आणि लहानशा दिव्यावर करावेत. भिंतीवरच्या बोर्डाशी खेळू नये.

मी २०१८ साली निवृत्त झालो. रविवारी माझ्या ओसरीवर चारदोन मुले जमतात, सेल आणि दिवे जोडतात आणि "असे का?" म्हणून मला भंडावून सोडतात. ज्याचे उत्तर मला येत नाही, ते आम्ही सगळे मिळून वायरमनला विचारायला जातो.

तो चेंडूवाला मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरीनिमित्त परगावी असतो. गावी आला की मला भेटायला येतो. निघताना तो वाकून नमस्कार करतो. मी त्याला उठवण्यासाठी त्याचे हात धरतो, आणि तळहातावरचा तो व्रण माझ्या बोटांना लागतो.