गीझर अगदी बरोबर चालत होता

डिसेंबर २०२२ मध्ये आमचा गॅस गीझर आंघोळीच्या मध्येच विझायला लागला. डोक्यावर शांपूचा फेस आणि अचानक गार पाणी. मग नळ बंद करायचा, पुन्हा सोडायचा, टक-टक-टक असा आवाज ऐकत कुडकुडत थांबायचं आणि भप्प झालं की पुन्हा सुरू. घरात आम्ही चौघं, बाथरूम एक. मला गोराई डेपोतून बस पकडून बोरिवली स्टेशन गाठायचं असतं, दादाची शिफ्ट त्याहून लवकर. त्यामुळे गीझर विझणं हा आमच्याकडे त्या महिन्यातला राष्ट्रीय प्रश्न होता.

तो मी सोडवला. हे आधीच सांगून टाकते.

दोन-तीन व्हिडिओ बघून मला एवढं कळलं की गीझर दिसतो तेवढा गूढ नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबराचा पडदा फुगतो, तो एक दांडी ढकलतो, दांडी छोटं बटण दाबते. मग खालच्या डबीतले दोन जाडे सेल कामाला लागतात. एकीकडे ठिणगी पाडतात, दुसरीकडे गॅसची झडप उघडून धरतात. ज्योतीजवळ एक बारीक कांडी असते, तिचं काम पहारा द्यायचं. ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. सेल उतरले की झडप धरवत नाही, आणि गीझर मध्येच मान टाकतो.

मी चांगले अल्कलाइन सेल आणले. पाणी आत येतं तिथली जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली, त्यातून पांढरा क्षार आणि वाळू निघाली. गीझर पहिल्या टकटकीत पेटला आणि पेटलेलाच राहिला. आई म्हणाली, "पोरीने मेकॅनिकचे पाचशे रुपये वाचवले." मी दोन दिवस त्या कौतुकावर होते.

आईला चक्कर यायला लागली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने गोराई-चारकोपला एक योजना राबवली. लोकांना छोटे प्लॉट द्यायचे, रस्ता, पाणी, गटार आणि संडास-मोरीची सोय करून द्यायची, वरचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. मुंबईत गरिबाला जमीन मिळण्याचे जे मोजके प्रसंग झाले असतील त्यातला हा एक, आणि मला त्याचा अभिमान आहे. माझ्या आजोबांनी आधी पत्र्याचं घर बांधलं, बाबांनी स्लॅब घातला, दादाच्या लग्नाचं बघायला लागल्यावर वरची खोली झाली. सगळ्यांचंच असं झालं. घरं वर गेली, पुढे आली, एकमेकांना टेकली. आमच्या बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी मागच्या फूटभर बोळात उघडायची. मागच्या घराने मजला चढवताना तो बोळ वरून पत्र्याने झाकला. मग खिडकीतून उजेड येईना, वास यायचा आणि एकदा घूस आली. दादाने प्लायवूड ठोकून खिडकी बंद केली. त्या प्लायवूडवर आरसा लावायची कल्पना माझी. चार बाय सहाच्या त्या बाथरूममध्ये आरसा लावायला दुसरी भिंतच नव्हती.

तर, आई.

पहिल्यांदा ती बाथरूममधून बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. पडली नाही. "काही नाही, अंधारी आली." सोमवारचा उपास होता, सगळ्यांनी उपासावर ढकललं. दुसऱ्यांदा रविवारी, न्हाण्याच्या दिवशी. तिचे केस लांब आहेत आणि ती अजून शिकेकाई लावते, त्यात हातासरशी दोन-चार कपडेही गरम पाण्यात काढते. अर्धा तास सहज. बाहेर आली ती डोकं धरून, मळमळतंय म्हणाली. बाबा म्हणाले, पित्त. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, हिमोग्लोबिन कमी असणार, या वयात बायकांचं होतंच. घरात खजूर आला, गूळ-शेंगदाणे आले, बीट आलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बारा. आई चक्क हिरमुसली. चक्कर यायला काहीतरी कारण तर हवं.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता. चक्कर आली की मी तो तिच्या बोटाला लावायचे. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. "बघ, सगळं नॉर्मल आहे," असं मी तिला कितीदा सांगितलं असेल.

मला स्वतःलाही केस धुतले की कपाळ ठणकायचं. मी ते स्क्रीनच्या नावावर टाकलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी नळाचा आवाज थांबेना. गीझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय होती, पण नळ बंद करून पुन्हा सोडला की वीस मिनिटं परत पहिल्यापासून मोजली जातात, आणि आई ते सवयीने करायची. मी हाक मारली. ओ नाही. दार वाजवलं. दादाने तीन लाथा घातल्या तेव्हा कडी निखळली. आई भिंतीला पाठ लावून बसल्यासारखी घसरली होती, डोळे अर्धे उघडे. वर गीझर शांतपणे चालू. त्याच्या काचेच्या भोकातून दिसणारी ज्योत पिवळी होती. तेव्हा ते लक्षात आलं नाही, आता डोळ्यांसमोरून जात नाही. अंगावर चादर टाकून आम्ही तिला ओढत, उचलत बाहेर गल्लीत आणलं. रिक्षा येईपर्यंत ती डोळे उघडून म्हणाली, "माझे कपडे आणा." मी रडत रडत ऑक्सिमीटर लावला. नव्व्याण्णव.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "गीझर गॅसचा आहे का?"

बाबा म्हणाले, "हो, पण लीक नाही. मी साबणाचं पाणी लावून बघतो दर महिन्याला."

ते खरंच बघायचे. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीतच एका शाळकरी मुलीचा आंघोळीच्या वेळी गॅस गीझरमुळे जीव गेला, ते आम्ही पेपरात वाचलं होतं. बातम्यांत शब्द होता 'गळती'. त्या दिवसापासून बाबा महिन्यातून एकदा रबरी नळीला आणि जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचे. आले नाहीत. शिवाय आम्हाला नाकावर भरवसा. गोराईत वाढलेल्या माणसाला वासाचं काय सांगणार? आमच्या लहानपणी डम्पिंग ग्राउंड चालू होतं. २००७ मध्ये ते बंद झालं, त्यावर माती पसरून झाकलं गेलं, आतल्या मिथेनसाठी पाइप टाकले गेले. त्याआधी वारा कुठल्या दिशेचा आहे ते आम्ही डोळे मिटून सांगायचो. गॅस आला तर आधी आपल्याला कळणार, ही खात्री त्यातून आलेली.

डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते मी नंतर बरंच वाचून पक्कं केलं. सिलेंडरच्या गॅसला वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण आईला बाधला तो सिलेंडरमधला गॅस नव्हता. तो तिथेच, त्या ज्योतीत तयार झाला होता. गॅस जळायला हवा लागते. स्वयंपाकघरातले चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवावेत एवढी आग तो भिंतीवरचा पातळ डबा लावत असतो, आणि आम्ही तो दार-खिडकी बंद असलेल्या कपाटाएवढ्या जागेत लावत होतो. हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आईचं हिमोग्लोबिन बारा होतं, खजुराची गरजच नव्हती. सीट भरपूर होत्या, पण त्यावर भलतीच माणसं रुमाल टाकून बसली होती. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर लाल रंग बघतो. त्या सीटवर ऑक्सिजन बसलाय की मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून नव्व्याण्णव.

रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि ते निघालंच. तोंडावर घट्ट मास्क लावून ऑक्सिजन दिला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. दोन दिवसांनी आई घरी आली. महिनाभर नावं विसरायची, शब्द शोधायची. आता ठीक आहे. म्हणजे ती म्हणते ठीक आहे. भाजीत दोनदा मीठ पडलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावही देऊन ठेवलंय. कुणी बेशुद्ध पडतं, कुणाला झटका येतो आणि फिट्सची औषधं सुरू होतात, कुणी नुसतंच डोकं दुखतंय म्हणून वर्षं काढतं. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक जोडपं घराच्या बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गीझरवर गेला. बाबांनी टीव्ही बंद केला.

मला छळतो तो एक हिशोब. गीझर विझत होता तेव्हा आईची आंघोळ तुकड्यातुकड्यात व्हायची. ती वैतागून दार उघडायची, "अगं बघ गं काय झालंय," म्हणून ओरडायची, दोन मिनिटं हवा खेळायची. मी सेल बदलले आणि तो सलग चालायला लागला. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मग खिडकी मी बंद केली त्याचं काय? बाबा म्हणाले, दुकानदाराने खिडकी आहे का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आई म्हणाली, मीच फार वेळ लावते. प्रत्येकाने आपापला वाटा उचलून घेतला आणि विषय कुणालाच नकोसा झाला. नातेवाइकांना आम्ही "बाथरूममध्ये चक्कर आली" एवढंच सांगितलं.

गीझर काढायला आलेल्या मेकॅनिकने झाकण उघडलं तर बर्नरच्या फटींत जळमटं आणि काजळी, वर तांब्याच्या पत्र्यांमध्येही काजळी. म्हणजे आग आधीच गुदमरत होती. सेलच्या डबीपर्यंत पोचलेली मी, त्याच्या वर चार इंचांवरचं झाकण उघडलं नव्हतं. "वर्षातून एकदा साफ करायचा असतो," तो म्हणाला. "आणि खरं तर हा बाहेर लावायचा. बाहेर गीझर, आत फक्त पाण्याचा पाइप." मग म्हणाला, चालू कंडिशनमध्ये आहे, गिऱ्हाईक मिळेल, देऊ का विकून? बाबांनी नको म्हटलं. तो पोटमाळ्यावर पोत्यात आहे. भंगारवाल्याला द्यायचा तर तोही कुणाला तरी विकेल. आता विजेचा दहा लिटरचा आहे, त्यात आईचे केस पुरते धुऊन होत नाहीत, आणि बिलावरून दर महिन्याला एक भाषण होतं. दादाने प्लायवूड उखडून पत्र्याच्या वरपर्यंत पाइप काढला, एक्झॉस्ट पंखा बसवला. माझा आरसा दाराच्या मागे गेला.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहिलं, आईला विचारून. बाथरूममध्ये असेल तर बाहेर काढा. तोवर आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं टाका, मगच आत जा. आंघोळीनंतरच डोकं दुखत असेल तर डॉक्टरांना गीझरचं नक्की सांगा. तीन अंगठे आले. त्याखाली गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ.

संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. आईशी इकडचं तिकडचं बोलल्या, निघताना मला म्हणाल्या, "जरा येतेस का गं? आमच्या सूनबाईचं डोकं दुखतं हल्ली. आमचाही गॅसचाच आहे. तुला कळतं ना त्यातलं."

मी गेले. काकूंनी नळ सोडला. टक-टक-टक, भप्प. आम्ही दोघी टाचा उंचावून काचेच्या भोकातून बघत राहिलो.

"निळी आहे ना?" काकूंनी विचारलं.

निळी होती, स्वच्छ निळी. दार उघडं होतं आणि पेटून अर्धा मिनिटही झाला नव्हता. काकूंनी हुश्श केलं.

मी एक्झॉस्टचं भोक शोधत होते. ते वर कोपऱ्यात सापडलं. पंखा नव्हता, आणि कबुतरं येतात म्हणून त्यात गोणपाट कोंबलेलं होतं.

"काकू, स्टूल आहे का?" मी विचारलं.