‘पडणार नाही’ आणि ‘मारू शकत नाही’



खलनायकाचा अंत कसा होणार हे कथेत आधीच सांगून ठेवलेले असते, तेव्हा आपले सारे लक्ष एका वाक्याकडे लागते. आपल्या पुराणकथांत अशी वाक्ये दोन प्रकारची आढळतात. कंसाला ऐकू आली ती आकाशवाणी. ती पुढे घडणारी गोष्ट सांगते, ती घडवून आणत नाही. हिरण्यकशिपूला मिळाला तो वर. तो मिळाल्याक्षणी जगाचा नियमच बदलतो. माणूस त्याला मारू शकत नाही आणि पशूही मारू शकत नाही. आकाशवाणी हे भविष्यकाळातील विधान आहे, तर वर हे सामर्थ्याविषयीचे विधान आहे. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद दोन ओळींत संपतो. एका इंग्रजी कादंबरीत आणि तिच्यावरील चित्रपटात मात्र तो सबंध प्रसंगाचा अर्थ बदलून टाकतो. त्याविषयी तुमच्याशी बोलावे, असे बरेच दिवस मनात होते.

ती कादंबरी म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. १९५४ आणि १९५५ या वर्षांत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते, आणि तरुणपणी त्यांनी ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाच्या कामात शब्दांच्या व्युत्पत्ती शोधल्या होत्या. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल. पीटर जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेला तिसरा चित्रपट, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, २००३ मध्ये आला आणि त्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली.

आपला खलनायक आहे अंगमारचा ‘विच-किंग’. आपण त्याला मायावी राजा म्हणू. कादंबरीच्या परिशिष्टात त्याची जुनी हकिकत येते. एका युद्धात पराभूत होऊन तो पळतो. गोंडोरचा राजपुत्र एआर्नूर त्याचा पाठलाग करू पाहतो, तेव्हा ग्लॉरफिंडेल हा एल्फ त्याला अडवतो. या राजाचा अंत अजून दूर आहे आणि तो ‘मॅन’च्या हातून पडणार नाही, अशा आशयाचे वाक्य तो उच्चारतो. क्रियापदाचा काळ पाहा : भविष्यकाळ. ग्लॉरफिंडेलला पुढचे काही दिसले आणि त्याने ते सांगितले. त्या राजाला त्याने कोणतेही कवच बहाल केले नाही. ही आकाशवाणी आहे, वर नव्हे.

पुढे एक हजाराहून अधिक वर्षांनी पेलेनॉरच्या रणभूमीवर तोच राजा रोहनचा वृद्ध राजा थिऑडेन याला खाली पाडतो. थिऑडेनचे रक्षण करायला एकच तरुण शिपाई उभा राहतो. कोणीही जिवंत ‘मॅन’ मला अडवू शकत नाही, असे मायावी राजा त्याला बजावतो. काय घडले ते लक्षात आले का? भविष्य सांगणारे वाक्य त्याच्या तोंडी येताना सामर्थ्याचे वाक्य झाले. आकाशवाणीला तो वर समजून बसला आहे. तेव्हा तो शिपाई हसतो आणि सांगतो की, मी ‘मॅन’ नाहीच, मी स्त्री आहे. ती असते थिऑडेनची भाची एओविन. मागे राहून प्रजेचा सांभाळ करण्याची जबाबदारी तिच्यावर सोपवलेली असताना ती पुरुषवेषात युद्धाला आलेली आहे. कादंबरीत हे रहस्य वाचकालाही त्याच क्षणी उघडपणे कळते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. तिचे उत्तर ऐकून मायावी राजा काही बोलत नाही. जणू त्याच्या मनात एकाएकी शंका उभी राहते. शस्त्र अजून त्याला लागलेले नाही, पण एका शब्दाचा आपण लावलेला अर्थ चुकला असावा, ही जाणीव त्याला आधी भेदून जाते. मग त्याचे वाहन असलेला पंखधारी प्राणी एओविनच्या तलवारीने मरतो. राजाच्या गदेने तिची ढाल फुटते, हात मोडतो. त्याच वेळी मेरिअडॉक नावाचा हॉबिट, म्हणजे मानवाहून वेगळ्या, ठेंगण्या जमातीचा एक जण, मागून राजाच्या गुडघ्यामागे आपले शस्त्र खुपसतो. हे शस्त्र एका प्राचीन थडग्यातून मिळालेले. अंगमारशी लढताना नष्ट झालेल्या राज्याच्या कारागिरांनी ते याच शत्रूसाठी शतकांपूर्वी घडवले होते. दुसरे कोणतेही पाते, कितीही बलाढ्य हातात असते तरी, अशी जखम करू शकले नसते, असे निवेदक सांगतो. त्या घावाने राजाची माया तुटते आणि मग एओविनची तलवार त्याचा शेवट करते.

आता ‘मॅन’ या शब्दाकडे वळू. प्राचीन इंग्रजीत ‘मान्’ म्हणजे मनुष्य, मग तो पुरुष असो वा स्त्री. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘वीफ’ असे निराळे शब्द होते. ‘वीफ’ आणि ‘मान्’ यांच्या जोडशब्दातूनच आजचा ‘वुमन’ शब्द आला. पुढे ‘मॅन’चा अर्थ आक्रसत पुरुषावर आला, पण जुना व्यापक अर्थही मागे राहिला. ज्याने शब्दांच्या व्युत्पत्ती शोधल्या, त्या लेखकाला ही फट नक्कीच ठाऊक होती. मेरिअडॉक पुरुष आहे, पण मानव नाही. एओविन मानव आहे, पण पुरुष नाही. शब्दाच्या दोन अर्थांपैकी एक तिच्यामुळे निसटतो, दुसरा त्याच्यामुळे. भविष्य पूर्णपणे खरे ठरायला दोघेही लागतात, आणि त्यांच्यामागे तो अनामिक कारागीरही.

चित्रपटात ग्लॉरफिंडेल नाही, परिशिष्टातला प्रसंग नाही आणि थडग्यातल्या पात्याची कथाही नाही. याला कोणताही जिवंत ‘मॅन’ मारू शकत नाही असे म्हणतात, एवढेच गँडाल्फ एका संवादात सांगतो. भविष्यकाळ गेला, सामर्थ्याचा अर्थ आला. खलनायकाचा गैरसमज इथे जगाचा नियम झाला. एओविनचा वेष प्रेक्षकाला आधीपासून माहीत असतो. क्रमही उलटतो : आधी मेरिअडॉकचा घाव, मग राजाचे गुडघे टेकणे, मग एओविनने शिरस्त्राण काढून आपण ‘मॅन’ नसल्याचे जाहीर करणे आणि लगेच तिचा प्रहार. कादंबरीत जे वाक्य शंका पेरते, ते इथे निकाल जाहीर करते. मेरिअडॉक केवळ मदतनीस उरतो आणि ‘मॅन’ म्हणजे पुरुष, हा एकच अर्थ शिल्लक राहतो.

चित्रपटाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. पडद्यावर परिशिष्टाला जागा नसते, आणि त्या क्षणाचा आवेश मलाही खुर्चीतून पुढे ओढतो. शिवाय टॉल्किन यांनीही असेच जुने वाक्य नव्याने लिहिले होते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये स्त्रीने जन्म दिलेला कोणीही मॅकबेथला इजा करणार नाही, असे भाकीत आहे. अखेरीस मॅकडफ आईचे पोट चिरून काढलेला निघतो. त्याच नाटकातल्या चालत येणाऱ्या अरण्याच्या भाकिताने शाळकरी वयात आपली घोर निराशा केली होती, असे टॉल्किन यांनी १९५५ मध्ये कवी ऑडन यांना कळवले होते. त्या निराशेतूनच त्यांनी खरोखर चालणारी झाडे निर्माण केली. मॅकडफच्या जन्माची पळवाट मात्र शस्त्रक्रियेतली आहे. एओविनची भाषेतली आहे.

ही भाषेतली पळवाट निव्वळ गंमत नाही. १८६७ च्या इंग्लंडमधील मताधिकाराच्या कायद्यात ‘एव्हरी मॅन’ असे शब्द होते. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानावा, असा कायदा १८५० पासून अस्तित्वात होता. त्या आधारावर मँचेस्टरच्या हजारो स्त्रियांनी मतदार म्हणून दावा केला. १८६८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला : इथे ‘मॅन’ म्हणजे पुरुषच. ज्या शब्दाने स्त्रीला मोजणीतून वगळले, त्याच वगळलेल्या जागेवर एओविन उभी राहते आणि तिथूनच वार करते.

आपल्या भाषेतही ही मोजणी चालते. मी लहान असताना वसुलीला येणारे लोक दार उघडणाऱ्या माझ्या आईला विचारत, “घरात कोणी माणूस आहे का?” आई समोर उभी असे आणि प्रश्न अगदी शुद्ध मराठीत असे. ‘बाईमाणूस’ हा शब्द मला त्यानंतर नीट ऐकू येऊ लागला.

म्हणून त्या भविष्यवाणीचे मराठी भाषांतर हा माझा आवडता प्रश्न आहे. ‘पुरुष’ म्हटले तर रहस्य फुटते. ‘मनुष्य’ म्हटले तर एओविनच्या हातून वाक्य खोटे ठरते. ‘माणूस’ चालेल, पण तो भाकिताला फार घरगुती वाटतो. मला ‘नर’ सर्वांत जवळचा वाटतो. ‘नरजन्म’ म्हणताना त्यात स्त्रिया असतात. ‘नर-नारी’ म्हणताच त्या वेगळ्या होतात. ‘नराच्या हातून तो पडणार नाही’ : एका शब्दात दोन्ही अर्थ मावले.

पण क्रियापदापाशी मराठी आपल्याला पुन्हा अडवते. आपले ‘-णार नाही’ हे रूप कधी भाकीत सांगते, कधी नकार, तर कधी असमर्थता. ‘तो उद्या येणार नाही’ ही माहिती आहे. ‘मी देणार नाही’ हा निर्धार आहे. ‘तुला हे जमणार नाही’ हे काय आहे? बोलणारा भाकीत करतो आणि ऐकणारा ते आपल्या सामर्थ्यावरचा निर्णय समजून घरी घेऊन जातो. संसार, नोकरी, शेती सांभाळून रविवारच्या संपर्क सत्राला येणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकले असेल. मायावी राजाने आकाशवाणीला वर मानले आणि तो निष्काळजी झाला. आपण कोणाच्या भाकिताला शाप मानतो आणि वही मिटून ठेवतो. दोन्हीकडे घोटाळा एकाच क्रियारूपाचा आहे.

आता तुम्ही एवढे करा. ग्लॉरफिंडेलच्या वाक्याचा आशय तुमच्या बोलीत लिहा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोणतीही चालेल. मग ते वाक्य घरातल्या दोघांना ऐकवा आणि विचारा : याला बाई मारू शकेल का? जी उत्तरे येतील ती वहीत जशीच्या तशी उतरवून आणा.