पिशव्यांजवळ कोण थांबणार?

रोलर कोस्टरचे चाहते एकत्र जमले की रोलर कोस्टरबद्दल फार तर वीस मिनिटं बोलतात. त्यानंतर विषय निघतात ते गुडघ्यांचे, गृहकर्जाचे, मुलांच्या दहावीचे आणि डोंबिवलीहून सकाळी बसायला जागा मिळणाऱ्या गाड्यांचे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. त्याला वाटतं, आम्ही सतत किंचाळत असणार.

आमचा चौघांचा गट आहे. काका एलआयसीतून निवृत्त झालेले, डोंबिवलीचे. डॉक्टर दातांच्या, ठाण्याच्या, पण बालपण दिल्लीत गेलेलं. मास्तर नाशिकजवळच्या एका शाळेत गणित शिकवतात. आणि मी, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. २०१९ मध्ये खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोच्या रांगेत आमची ओळख झाली. पुढची रांग मोकळी असतानाही आम्ही चौघं शेवटच्या रांगेसाठी थांबलो होतो. हौशी आणि खरे चाहते इथेच वेगळे होतात. पुढे बसलं की दिसतं जास्त, पण गाडीचा पुढचा भाग उतारावर गेला की तो मागच्या डब्याला खेचून घेतो, त्यामुळे मागे बसलेला माणूस सीटवरून जास्त उचलला जातो. हे आम्ही एकमेकांना समजावून सांगायला गेलो आणि चौघांनाही ते आधीच माहीत होतं. मैत्री व्हायला एवढं पुरलं.

तेव्हापासून दर तीन-चार महिन्यांनी भेटतो. शक्यतो मधल्या वारी, कारण गर्दी नसते. या मार्चमध्ये भेटलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "लीव्ह मिळाली का रे?"

"मिळाली," मी म्हटलं. "भरपूर."

खरं तर त्याआधी तीन आठवडे माझी नोकरी गेली होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एचआरची एक बाई, जिचा कॅमेरा बंद होता, आणि दुपारी दोनपर्यंत लॅपटॉपचं लॉगिन बंद. पाच वर्षं काम केलं होतं. कॉल संपल्यावर मी कुकर लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कळव्याला आईबाबांनाही नाही. रोज रात्री नऊला फोन यायचा, बाबा विचारायचे, "ऑफिस?" आणि मी म्हणायचो, "चालू आहे." ऑफिस चालूच होतं. मी त्यात नव्हतो एवढंच.

तर त्या दिवशी नायट्रोच्या तीन फेऱ्या झाल्या. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीचं हे कोस्टर, पायाखाली तळ नसलेलं, चपला काढून बसायचं. तिसऱ्या फेरीनंतर काकांना पाणी हवं होतं म्हणून आम्ही सावलीत बसलो आणि नेहमीच्या गप्पा सुरू झाल्या.

मास्तरांनी लूपचं पुराण काढलं. हे ते दर वेळी काढतात आणि आम्ही दर वेळी ऐकतो. कोस्टरमधली उभी कडी पूर्ण गोल का नसते, वरून निमुळत्या थेंबासारखी का असते? गोल कडी करून पाहिली होती लोकांनी, १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला. बसणाऱ्यांच्या माना दुखायच्या. घर्षण सोडून दिलं, तर गोल कडीच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकावी एवढा वेग धरला तरी तळाशी आपल्या वजनाच्या सहापट जोर येतो. मास्तर हे बिस्किटाच्या पुड्यावर बोटाने गिरवून सिद्ध करतात. मग १९७६ साली कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने थेंबाचा आकार वापरला आणि माणसं हसत उतरू लागली. "माझी पोरं हे गणित परीक्षेत सोडवत नाहीत," मास्तर म्हणाले, "पण सहलीला कोस्टरच्या खाली उभं केलं की सोडवतात."

"आणि तुम्ही?"

"मी साठ पाण्याच्या बाटल्या आणि साठ पाठपिशव्या सांभाळतो. गेल्या नऊ वर्षांत शाळेच्या सहलीत एकदाही बसलेलो नाही. म्हणून तर तुमच्याबरोबर येतो."

इथून विषय निघाला, की पूर्वी पिशव्या कोण सांभाळायचं. आता बहुतेक पार्कांत लॉकर असतात. आमच्या लहानपणी माणूस असायचा.

डॉक्टर म्हणाल्या, त्यांच्या घरी आजी असायची. दिल्लीचं अप्पूघर, प्रगती मैदानाजवळचं. १९८२ च्या एशियाडचा तो हत्ती, अप्पू, त्याच्या नावाने १९८४ मध्ये सुरू झालेलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, दर दिवाळीनंतर सगळी नागपूरची मंडळी दिल्लीला यायची आणि सगळ्यांना अप्पूघर दाखवावं लागायचं. आजी नऊवारीत बाकावर, मांडीवर सात जणांचे स्वेटर आणि डब्यात शंकरपाळे. अप्पूघर २००८ मध्ये बंद झालं. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. "मला अप्पूघरातला एकही झोपाळा नीट आठवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या स्वेटरांच्या ढिगाला शंकरपाळ्यांचा वास यायचा, तो आठवतो."

काकांकडे ही जबाबदारी काकूंची होती. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि काका पुढच्याच वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर गेले. बोरिवलीहून गोराईच्या खाडीतून बोट, टीव्हीवरची ती जाहिरात सगळ्यांना पाठ. "ही दहा वर्षं पिशव्या घेऊन खाली उभी," काका म्हणाले. "मग एकदा म्हणाली, आज तुम्ही थांबा. मी थांबलो. ही एकटी जाऊन बसली, फिरून आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, एवढंच?"

आम्ही खूप हसलो. काकाही हसले. मग म्हणाले, "नंतर मुलीकडे ओहायोला गेलो तेव्हा सीडर पॉइंटला मॅग्नमवर दोघं शेजारी बसलो. तेही १९८९ चंच. दोनशे पाच फूट उंच. वर पोचल्यावर एरी सरोवर दिसतं. हिने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला. तेव्हा नाही म्हणाली एवढंच म्हणून."

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी गोष्ट तयार होती. ती मी आधीही दोन-तीन वेळा सांगितली आहे, एकदा तर नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्येही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. २००६ मध्ये, मी नऊ वर्षांचा असताना, आम्ही एस्सेलवर्ल्डला गेलो. बाबा एकाही राइडमध्ये बसले नाहीत. "मला चक्कर येते," म्हणाले, आणि पिशव्या घेऊन दिवसभर खाली थांबले. मी आणि आई 'कॉपर चॉपर'मध्ये बसलो, दुसऱ्या एका राइडमध्ये आईने माझ्यापेक्षा जास्त आरडाओरडा केला, आणि बाहेर आलो की दर वेळी बाबा दूर कुठेतरी बसलेले दिसायचे. मोठा झाल्यावर मला कळलं, की चक्कर वगैरे काही नव्हतं. घरात पैसे नव्हते. तिसरं तिकीट वाचवायचं होतं. आपल्यासाठी बापाने एक अख्खा दिवस खालून बघत काढला.

अशी माझी गोष्ट. ती संपवताना माझा आवाज नेहमी थोडा जड होतो. त्या दिवशी जरा जास्तच झाला, कारण मनात दुसरंही चाललं होतं. तिसरं तिकीट वाचवून ज्याला शिकवलं, त्याचं लॉगिन दुपारी दोनला बंद झालं, हे त्या माणसाला कसं सांगायचं?

मास्तर गप्प झाले. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. काकांनी मात्र सरळ विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं? तिकिटाचं?"

"कोणी नाही. समजलं मला."

"तिकीट नसताना आत कसे आले मग ते? तिकडे आत शिरायलाच तिकीट लागायचं. मी दहा वर्षं काढली आहेत."

मला उत्तर देता येईना. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधत होतो. ही चूक माझ्या स्वतःच्या आठवणीत इतकी उघडी पडलेली होती आणि मी ती कधी तपासली नव्हती.

"विचार की त्यांना," काका म्हणाले. "आहेत ना विचारायला?"

परतीच्या बसमध्ये मला रोलरकोस्टर टायकून आठवत राहिला. १९९९ चा गेम, ख्रिस सॉयर नावाच्या एकाच माणसाने जवळजवळ सगळा असेम्ब्ली भाषेत लिहिलेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी असेम्ब्लीच्या प्रॅक्टिकलला दोन संख्यांची बेरीज करताना माझा घाम निघाला, तेव्हा या माणसाबद्दल खरा आदर वाटला. आठवी-नववीत मी तो रात्रंदिवस खेळायचो. त्यात कुठल्याही पाहुण्यावर क्लिक केलं की त्याच्या मनातलं वाचता येतं: भूक लागली आहे, दमलो आहे, ही राइड महाग आहे, घरी जायचं आहे. राइडच्या बाहेर बाक ठेवला तर मळमळणारी माणसं त्यावर बसतात. मी प्रत्येक राइडबाहेर बाक ठेवायचो. पण त्या गेममध्ये फक्त पिशव्या सांभाळायला आलेला एकही पाहुणा नसतो. आणि खऱ्या माणसांवर क्लिक करता येत नाही, विचारावं लागतं, एवढी साधी गोष्ट मी अठरा-एकोणीस वर्षं केली नव्हती.

रात्री नऊला फोन आला. "ऑफिस?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एस्सेलवर्ल्डला राइडमध्ये का बसला नाहीत?"

"चक्कर येते मला."

"नाही, खरं सांगा. तिकिटाचे पैसे वाचवले ना?"

"कसले पैसे? कंपनीची पिकनिक होती. बस कंपनीची, तिकिटं कंपनीची, जेवणसुद्धा कंपनीचं. तुला आठवत नाही? पाटलांच्या मुलाने बसमध्ये उलटी केली ती?"

आठवलं. उलटी तर लख्ख आठवली. घोडबंदर रोडवर, माझ्याच बुटांवर. मग एवढी वर्षं मी ती आठवण कुठे ठेवली होती?

"मग दिवसभर काय केलंत तुम्ही?"

यावर बाबा जे बोलायला लागले, तसं सलग बोलताना मी त्यांना क्वचित ऐकलं आहे. ते म्हणाले, की पिशव्या घेऊन ते मोठ्या कोस्टरच्या चढाखाली जाऊन बसले होते. गाडी वर चढताना खट-खट-खट आवाज येतो ना, तो साखळीचा नसतो. गाडीखाली एक खटका असतो, तो रुळामधल्या दातांवरून एकेक करत पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. त्यांनी तो आवाज मोजला. एका गाडीचा खटका किंचित उशिरा पडत होता. त्यांनी तिथल्या ऑपरेटरला विचारलं, तो पोरगा म्हणाला माहीत नाही, पण त्याने देखभालीच्या माणसाला बोलावलं, तोही फिटरच निघाला, सांगलीकडचा, आणि मग ते दोघं अर्धा तास बोलत बसले. चाकं तीन बाजूंनी असतात, वर, बाजूला आणि रुळाच्या खालून, म्हणून गाडी उडत नाही, हे त्याने दाखवलं. "फार छान दिवस गेला माझा," बाबा म्हणाले. "तुम्ही लोक लवकर निघायचं म्हणायला लागलात म्हणून. बोट चुकेल म्हणून तुझी आई घाई करत होती."

मी काही बोललो नाही. एवढी वर्षं मी एका माणसाला बाकावर बसवून ठेवलं होतं, हातात पिशव्या देऊन, चेहऱ्यावर त्याग चढवून. आणि तो आपला मजेत होता. मी जे कर्ज त्यांच्या नावाने डोक्यावर घेऊन फिरत होतो, ते त्यांनी कधी दिलंच नव्हतं. थोडं वाईटही वाटलं, हे कबूल करतो. ती गोष्ट मला आवडायची.

मग मी सांगून टाकलं. नोकरी गेली, तीन आठवडे झाले.

पलीकडे थोडा वेळ फक्त टीव्हीचा आवाज. मग तो बंद झाला.

"किती महिन्यांचे पैसे दिले?"

"तीन."

"इन्शुरन्स?"

"महिनाअखेरपर्यंत."

"तुझं भाडं किती आहे?" मी आकडा सांगितला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होते. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा, ते म्हणाले, मी दोन महिने तुझ्या आजोबांना सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन बाहेर पडायचो. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, कुठे जायचात? "ठाणे स्टेशनवर बसायचो. फार कंटाळा येतो. तू तसं करू नकोस."

मग म्हणाले, "रविवारी ये घरी. आईला मी सांगणार नाही, तूच सांग. आणि काय रे, ते खोपोलीचं जे आहे तुमचं, त्याच्या चढाचा आवाज कसा येतो?"

मी म्हटलं, नीट लक्ष दिलं नाही.

"एवढ्या वेळा जातोस आणि आवाज ऐकला नाहीस?"

जूनच्या आधी, पाऊस लागण्यापूर्वी, आम्ही परत भेटणार आहोत. नोकरी अजून मिळालेली नाही, दोन ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलो आहे. या वेळी आम्ही पाच जण असू. मास्तर खूश आहेत, कारण त्यांच्या मते हिशेब आता बरोबर बसतो: चौघं वर, एक जण खाली, पिशव्यांजवळ. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, की त्या माणसाचं पिशव्यांकडे लक्ष नसेल.