राहणाऱ्याचा भार

पाबळ, जून २०२५

प्रिय चिऊ,



तुझा निरोप आला तेव्हा मी चाळीत कांदा निवडत होते. यंदा खालचा थर सडायला लागलाय. एक सडका हाताला लागला की शेजारचे चार बघावे लागतात. हात पदराला पुसून फोन उघडला. ‘आत्या, ज्यांना जायचंय त्यांनी जावं असं सांगितलंय. मी काय करू?’ एवढंच. मी लगेच उत्तर पाठवलं, पण ते तीन दिवस एका टिकवरच अडकून बसलं. म्हणून हे पत्र. मासिकालाही देतेय. तुझं नाव नि दवाखान्याचं नाव दोन्ही गाळलंय. अशा निरोपांची वाट बघत बसलेली आणखीही घरं असतील, त्यांनाही वाचू दे.

मार्चमध्ये तू आहेस त्या दक्षिण सुदानचे उपाध्यक्ष रिएक माचार यांना नजरकैदेत ठेवल्याची बातमी टीव्हीवर खालच्या पट्टीत सरकत गेली. इथं कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण जुलै २०१६ मध्ये जुबात गोळीबार झाला तेव्हा तू नर्सिंगला होतीस आणि नकाशावर ते गाव आपण दोघींनी बोट फिरवून शोधलं होतं. तिथं जाशील असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

तुझा बाप म्हणतो, निघून ये. तुझी आई काहीच म्हणत नाही, नुसती भाकरी थापताना थांबते. आणि शिरूरला उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा पाळकसाहेबांनी अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांचा दाखला दिला. मुंबईत आले, तेरा वर्षं राहिले, मराठी शिकले, मराठी मातीतच गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धीच आहे.

११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले ते एकटे हॉल नव्हते. सोबत सॅम्युएल नॉट होते, त्यांची बायको रॉक्साना होती. अमेरिकेतून निघाले तेव्हा सगळं शांत होतं. समुद्रात असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिकेनं इंग्लंडशी युद्ध पुकारलं, आणि जहाजात बसल्या बसल्या ही माणसं शत्रूच्या देशाची झाली. कंपनी सरकारला मिशनऱ्यांचा आधीच धसका होता. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केलं त्याचंही खापर काही साहेबांनी त्यांच्यावरच फोडलं होतं. मुंबईआधी ही मंडळी कलकत्त्याला उतरली होती, तिथून या सगळ्यांना हाकललं. त्यांच्यातली हॅरिएट न्यूएल एकोणीस वर्षांची. तिथून मॉरिशसला जाताना बोटीतच बाळंत झाली, मूल गेलं, आणि नोव्हेंबरात तीही गेली. कामाचा एक दिवससुद्धा तिच्या वाट्याला आला नाही.

मुंबईतही हुकूम निघाला की इंग्लंडला जाणाऱ्या जहाजात बसा. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानं बरा माणूस, पण वरून कलकत्त्याचा दट्ट्या. मग १८१३ च्या अखेरीस आपल्या या दोघा पुण्यपुरुषांनी काय केलं असेल? गुपचूप एका गलबतात बसून कोचीनला पळाले. रॉक्सानाबाई मागे मुंबईतच. कोचीनहून दोघांना परत आणलं. मग अर्ज, विनवण्या, लांबच लांब पत्रं. तोवर तिकडे इंग्लंडात १८१३ ची सनद होऊन मिशनऱ्यांना परवाना मिळायची सोय झाली होती. १८१४ मध्ये यांना राहू दिलं.

लहानपणापासून मी हॉल यांची गोष्ट ऐकत आले, पण हे पळून जाणं मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठेपणी वाचलं आणि खरं सांगू, मला ती माणसं एकदम घरची वाटायला लागली. लपून बघितलं, पळून बघितलं, अर्ज करून बघितला. पुढे काय होणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आपण शेवट वाचून बसलेले असतो, म्हणून आपल्याला ते शूर दिसतात.

त्यांच्या कामातून काय उभं राहिलं ते तुला मी सांगायला नको. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. त्यांच्या छापखान्यात काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला. १८४२ मध्ये नगरला ज्ञानोदय सुरू झालं. मिशनच्या फरारबाईंची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी जाऊन पाहिली. धर्म द्यायला आले होते, हे मी लपवत नाही. त्यावरून या देशात झालेली भांडणं अजून संपलेली नाहीत. तू सलाइन लावायला गेलीस. दोन्हीला लोक मिशनच म्हणतात, म्हणोत बापडे.

आता हॉल यांचा शेवट. १८२५ मध्ये मुलांच्या तब्येतीपायी बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यातलं एक वाटेतच गेलं. हॉल इथंच राहिले. मार्च १८२६ मध्ये नाशिकला गेले तर तिथं पटकीनं माणसं पटापट मरत होती. जवळची औषधं वाटून टाकली, परत फिरले, आणि वाटेतल्या एका खेड्यात २० मार्चला पहाटे त्यांनाच लागण झाली. त्याच दिवशी संपलं. वय एकेचाळीस. सोबत होती ती इथलीच पोरं. त्यांनी खड्डा खणला.

पाळकसाहेब इथं थांबतात. चिऊ, मी त्या खड्ड्यापाशी थांबते. परक्या गावात, पटकी सुरू असताना, एका गोऱ्या साहेबाचं प्रेत घेऊन बसलेली ती पोरं. गावकऱ्यांकडे जागा मागायची, कुदळ मागायची, मग ही बातमी घेऊन मुंबईपर्यंत चालत यायचं. राहणाऱ्याचं राहणं असं कुणाच्या तरी अंगावर पडतं. त्या पोरांच्या नावानं उपासनेत कुणी दाखला देत नाही.

मेलेला परका सांभाळायला सोपा असतो. शिरूरच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे ना, त्या साहेबाला आपल्या लोकांनी सत्पुरुष करून टाकलं, सुगीचं धान्यही वाहिलं. आणि आपल्या पाबळची मस्तानी? तू सात-आठ वर्षांची असताना तिच्या कबरीपाशी मला विचारलं होतंस, ‘आत्या, हिचं माहेर कुठं?’ मी म्हटलं, बुंदेलखंड. ‘मग हिला न्यायला कुणी आलं नाही?’ १७४० पासून ती इथं आहे. जिवंतपणी पुण्यात तिला किती जणांनी जवळ केलं ते आपल्याला माहीत आहे. आता चादरी चढतात.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की तो मला विचारू नकोस. आमच्या कुणाच्याच अंगावर तुझा भार पडणार नाहीये. तुझ्यासोबत रात्रपाळी करणाऱ्या तिथल्या बायकांना विचार. ज्यांच्याजवळ पासपोर्ट नाही, ज्यांना कुठलंच विमान न्यायला येणार नाही, त्यांना. स्पष्ट विचार: मी राहिले तर तुम्हाला दोन हात जास्त मिळतील, की एक तोंड जास्त होईल? गोळीबार झाला तर मला लपवण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल का? त्या भिडेखातर ‘राहा’ म्हणतील, तेवढ्यावर जाऊ नकोस. तोंडं बघ. तुला माणसाचं तोंड वाचता येतं, त्याच कामाचा तुला पगार मिळतो.

मी राहण्याच्या विरोधात आहे असं समजू नकोस. टेकडीवरचे कलबाग सर १९८३ मध्ये मुंबई सोडून आपल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढायला आले, ते २००३ मध्ये वारले तोवर इथलेच होते. त्यांच्या वर्कशॉपच्या दारात तू वेल्डिंगच्या ठिणग्या बघत उभी राहायचीस, डोळे बिघडतील म्हणून मी ओढून आणायचे. त्यांच्या राहण्याचा भार कुणाला झाला नाही. पण इथं बंदुका नव्हत्या.

आणि आता माझ्या मनातलं. मंडळीत हे बोलता येणार नाही. सॅम्युएल नॉट १८१५ मध्येच आजारपणापायी बायकोला घेऊन परत गेले. दोन वर्षंसुद्धा धड काम झालं नाही. तिकडे पाळक म्हणून राहिले आणि १८६९ मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या नावानं कुणी प्रवचन देत नाही. नावच नॉट, पाळकसाहेबांच्या यादीत कुठून येणार! पण म्हातारा होईपर्यंत मुंबईची आठवण निघाली असेल, कधी एखादा मराठी शब्द तोंडात आला असेल. मला तू तशी हवी आहेस. ऐंशीची, दात पडलेली, जुबाच्या गोष्टी सांगून पोरांना पिडणारी. हा माझा स्वार्थ आहे, आणि प्रार्थनेतही मी तो झाकत नाही.

पत्राचे फोटो काढून पाठवतेय. नेट येईल तेव्हा उघडतील. दुसऱ्या पानावर कांद्याच्या पाण्याचा डाग पडलाय, तिथलं अक्षर मोठं करून वाच. पासपोर्ट ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेव, पर्समध्ये नको. आणि त्या बायकांशी बोललीस की पहिल्यांदा त्या काय म्हणाल्या ते कळव, तू काय ठरवलंस ते नंतर.

तुझी,
आत्या