खालचा कागद

पहाटे पाचला हनुमान रोडवर दुधाचे क्रेट उतरवल्याचा आवाज तेवढा असतो. मी डाव्या अंगठ्यात होकायंत्र अडकवते, नकाशाची बारीक घडी घालते, उभी आहे ती जागा अंगठ्याच्या टोकाशी आणते आणि धावायला लागते. मी पुढे सरकेन तसा अंगठाही कागदावर सरकतो. ओरिएंटीअरिंगमधली ही पहिली सवय.

ही सवय मला स्वीडनमध्ये लागली. कामानिमित्त सहा महिने तिथे होते. 1919 मध्ये स्टॉकहोमजवळ एर्न्स्ट किलांडर नावाच्या मेजरने तरुणांना मैदानातून उचलून रानात धावायला नेलं आणि तिथून हा खेळ फोफावला. रानात नारिंगी-पांढरे झेंडे टांगलेले असतात. ते क्रमाने गाठायचे, वाट ज्याची त्याने शोधायची. त्यांच्या नकाशात पांढरा रंग म्हणजे सहज धावता येईल असं रान. जितकं हिरवं गडद, तितकी झाडी दाट. पांढऱ्या कागदाला रान म्हणायचं, हे मला पहिल्याच दिवशी फार आवडलं होतं.

पार्ल्यात रान नाही, म्हणून मी पार्लंच काढलं. 1:4000, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर चाळीस मीटर. दीड वर्ष, पावसाळे सोडून, पावलं मोजत परांजपे स्कीम, दीक्षित रोड, नेहरू रोड असं एकेक कुंपण उतरवलं. पश्चिमेला रेल्वे, पूर्वेला हायवे, दोन्ही उत्तर-दक्षिण. चुकलं तरी यांच्यापैकी एक आडवं येतंच. मुंबईत आणखी एक सोय आहे, होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर इथे जवळजवळ एकच. लोखंडापाशी मात्र सुई बिथरते. विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं 1904 मध्ये अलिबागला हलवली, ती अशाच कारणाने. रेल्वेच्या कुंपणाला खेटून धावताना मला हटकून ते आठवतं.

सोमवारी विश्रांती. मंगळवारी सात मजल्यांचा जिना दहा वेळा. बुधवारी आणि शुक्रवारी नकाशा. साडेसहाला घरी, मग मुलाचा डबा, सासूबाईंचा चहा, सात बावन्नची लोकल. मुलाची यंदा दहावी आहे, त्यामुळे घरात सगळे दबक्या आवाजात बोलतात.

नकाशाला सासूबाईंनी पहिल्या दिवशीच हरकत घेतली. त्या 1964 मध्ये लग्न होऊन पार्ल्यात आल्या. भिंग लावून त्यांनी कागद पाहिला.

"अगं, इथली विहीर कुठंय?"

"आई, ती बुजवली ना. आज आहे तेवढंच काढायचं असतं."

"मग माणसाला कळणार कसं, कुठे वळायचं ते?"

त्यांचं पार्लं विहिरींवरून, आंब्यांवरून, बिस्किटांच्या वासावरून चालतं. 1929 मध्ये सुरू झालेली फॅक्टरी 2016 मध्ये बंद झाली. त्याआधी गाडीत डोळे मिटून बसलेल्या माणसालाही स्टेशन आल्याचं नाकाने कळायचं. वासाला नकाशात खूण नाही. मी त्यांना ट्रेसिंग पेपर आणून दिला. दर गुरुवारी रात्री, भांडी आवरल्यावर, तो माझ्या नकाशावर टाचणीने बसवायचा आणि त्या सांगतील ते पेन्सिलीने काढायचं. कोणाचा बंगला, कोणाच्या अंगणात बकुळ, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी रायवळ आंबा. त्या पावलांत बोलत नाहीत, "पदर सावरेपर्यंत लागतं इतकं" असं म्हणतात, आणि ते अंतर बरोबर निघतं.

रविवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. ते बिबट्यांचं रान आहे, पायवाट सोडायची नाही, म्हणून कान्हेरीच्या रस्त्यानेच जायचं. मी चढ वाचते. समोरची टेकडी समोच्च रेषांत कशी दिसेल ते आधी मनात काढायचं आणि मग कागद उघडायचा. ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागतं आणि टेकडीची हाडं दिसू लागतात. परतताना घामाने नकाशा मऊ पडलेला असतो.

गेल्या बुधवारी मात्र पार्ल्यात चुकले. तीन इमारती एकदम गेल्या होत्या. गल्लीच्या दोन्ही अंगांना रीडेव्हलपमेंटचे पत्रे, दिवा बंद, वळण कुठलं ते कळेना. अशा वेळी पुढे रेटायचं नसतं, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यायचं. पिठाच्या गिरणीपर्यंत मागे आले, पुन्हा पावलं मोजत निघाले. एकोणतिसाव्या पावलाला पत्र्याच्या वर काळोखात आणखी काळं काहीतरी हललं. ओल्या पानांचा वास आला. हात वर करून एक पान ओढलं, लांबट, कडा लहरी. आंबा. ट्रेसिंग पेपरवर होता तिथेच.

घरी आल्यावर पान सासूबाईंच्या बशीशेजारी ठेवलं. त्यांनी ते चुरून हुंगलं.

"आहे अजून?"

"आहे. पत्र्याच्या आत आहे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या कागदावर कशाला? खालच्या कागदावर काढ."