पेशींतील वाहतूक आणि पायांच्या मुंग्या

गेल्या वर्षी डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात एका वृद्ध मधुमेही रुग्णाच्या मुलाने मोबाईलवरील एक पान माझ्यासमोर धरले. पेशींच्या आतील वाहतुकीच्या संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या एका मानवी प्रथिनाची ती माहिती होती. वडिलांच्या तळपायांना वर्षभर मुंग्या येत होत्या, रात्री आग होत होती. "डॉक्टर, नसांमधली ने-आण याच प्रथिनाने चालते. बाबांना देता येईल का?" मुलाने बरेच वाचले होते, त्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

आपल्या शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत, सुमारे एक मीटर पसरलेला असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र कमरेजवळच्या पेशीपिंडात तयार होतात. ती टोकापर्यंत नेण्यासाठी आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवर वाहक प्रथिने चालतात. ठाणे-कल्याण मार्गावरील प्रवाशांना हे सहज उमजेल. कायनेसिन माल टोकाकडे नेते, ती डाउन गाडी. डायनिन परत आणते, ती अप. जलद आणि धीमी हा भेदही आहेच. जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर चालते, म्हणजे बोटांपर्यंत अडीच ते पाच दिवस. धीमी जेमतेम काही मिलिमीटर सरकते. मार्ग लांब तितका बिघाडाचा धोका अधिक. मधुमेहातील मुंग्या पायांपासून सुरू होतात, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

कायनेसिनचा शोध १९८५ साली, माकूळ या सागरी जिवाच्या जाड मज्जातंतूवरील संशोधनातून लागला. आज अशा मानवी प्रथिनाचे जनुक जिवाणूत घालून ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येते. काचेवर ठेवून त्याच्या एकेका रेणूचे आठ नॅनोमीटरचे पाऊलही मोजता येते. हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका यांचा गट पारदर्शक, मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत मज्जापेशींतील वाहतूक अभ्यासतो. तेथेच तेव्हा वाहक प्रथिनांवर संशोधन करत असलेले डॉ. रूप मल्लिक यांना २०१४ साली भटनागर पुरस्कार मिळाला.

मग ती कुपी बाबांना का देऊ नये? पोटातून दिल्यास ते प्रथिन डाळीतील प्रथिनासारखे पचून जाईल. शिरेतून दिल्यास ते मज्जापेशीच्या आत शिरणार नाही, आणि त्याचे काम तर आतच आहे. शिवाय त्यात जिवाणूंचे अंश उरले असतील, तर तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो. अशा कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असे लिहिलेले असते, ते उगीच नव्हे.

"पण इन्सुलिनही असेच बनते ना?" मुलाचा पुढचा प्रश्न रास्त होता. होय, १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून वापरात आहे. परंतु इन्सुलिनला पेशीच्या आत शिरावे लागत नाही. ते दारावरची घंटा वाजवते. मग स्नायू आणि मेदाच्या पेशींतील वाहतूक साखरेला आत घेणारी द्वारे पृष्ठभागावर आणून बसवते. शिवाय ते माणसांवरील चाचण्यांतून तावून सुलाखून निघालेले आहे. प्रयोगशाळेतील प्रथिन आणि औषध यांत हे अंतर असते. ते ओलांडायला वर्षे लागतात आणि घाई केली तर किंमत रुग्ण मोजतो.

घरात अशी तक्रार असेल तर वाचकहो, आज करण्यासारखे बरेच आहे. साखर नियंत्रणात ठेवावी. मेटफॉर्मिनच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यावे. त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात आणि ती भरून काढता येते. कर्करोगावरील काही औषधे पेशींतील रुळांवरच परिणाम करतात, म्हणून तशा उपचारांची माहिती डॉक्टरांना द्यावी. अनवाणी चालू नये, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. संवेदना मंदावलेल्या पायाला चटका कळत नाही.

आणि रोज रात्री घरातील कोणीतरी वडीलधाऱ्यांचे तळपाय उजेडात, बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहावेत. फोड, भेग वा लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. याला पाच मिनिटे पुरतात, आणि वेळेवर दिसलेली जखम पाय वाचवते.